प्रयोग आणि उपसंहार

'शस्त्रास्त्रे' हा सामासिक शब्द मराठीत आता इतका गुळगुळीत झाला आहे की त्यात दोन निरनिराळे शब्द आहेत याचे भान वाचकाला क्वचितच राहते. वृत्तपत्रे शस्त्रास्त्रांच्या खरेदीविषयी लिहितात, संसदेत त्यांच्या खर्चाची चर्चा होते, आणि या सर्व व्यवहारात 'अस्त्र' हा शब्द 'शस्त्रा'च्या मागे निमूटपणे चालत असतो. संस्कृत परंपरेने मात्र या दोहोंत काळजीपूर्वक भेद केला होता. 'शस्' म्हणजे कापणे, यावरून शस्त्र. 'अस्' म्हणजे फेकणे, यावरून अस्त्र. सोळाव्या शतकातील थोर अद्वैती मधुसूदन सरस्वती यांनी 'प्रस्थानभेदा'त धनुर्वेदाचा परिचय करून देताना आयुधांचे चार वर्ग सांगितले: मुक्त, अमुक्त, मुक्तामुक्त आणि यंत्रमुक्त. त्यांपैकी जे हातातून सुटते ते अस्त्र आणि जे हातातच राहते ते शस्त्र, अशी त्यांची सुटसुटीत व्यवस्था आहे. पण महाकाव्यांचा वाचक जाणतो की 'अस्त्र' या शब्दाचा खरा भार या व्याख्येत मावत नाही. तेथे अस्त्र म्हणजे मंत्राने भारलेले आयुध. बाण साधा असू शकतो, किंबहुना बाण नसून गवताची काडीही असू शकते. तिला अस्त्रत्व येते ते उच्चाराने. आयुध आणि वाणी यांचा हा संयोग भारतीय वाङ्मयाच्या अत्यंत जुन्या आणि अत्यंत गंभीर कल्पनांपैकी एक आहे.

या कल्पनेचा विचार जयपूरसारख्या शहरात अधिक सहजपणे सुचतो, कारण आयुध, ग्रंथ आणि दंतकथा या तिन्ही गोष्टी तेथे एकमेकींच्या शेजारी नांदत आहेत. राजवाड्यातील महाराजा सवाई मानसिंह द्वितीय संग्रहालय १९५९ मध्ये स्थापन झाले. त्यात एकीकडे राजघराण्याचा सिलेहखाना आहे, तर दुसरीकडे पोथीखान्याचा वारसा. 'सिलेहखाना' हा शब्द मराठी माणसाला परका वाटण्याचे कारण नाही. ज्या 'सिलाह' म्हणजे आयुधवाचक शब्दापासून तो झाला, त्याच शब्दापासून आपला 'शिलेदार' झाला आहे. स्वतःचे घोडे आणि स्वतःची हत्यारे घेऊन चाकरीस येणारा तो शिलेदार. मराठ्यांच्या दौलतीतून हा शब्द कधीच बाहेर पडून मराठी भाषेच्या संसारात स्थिरावला आहे.

अशा संग्रहांतील तलवारी आणि कट्यारी पाहताना एक गोष्ट लक्षात आल्यावाचून राहत नाही. उत्तरेत काय किंवा दख्खनेत काय, पोलाद पुष्कळदा मुके राहिलेले नाही. कोठे पात्यावर देवतेची आकृती कोरलेली असते, कोठे कुराणातील आयत सोन्याने उमटवलेली असते. काही पात्यांवर चार घरांचा एक लहानसा चौकोन असतो आणि त्यात दोन, चार, सहा, आठ हे अंक असतात. 'बुदूह' या नावाने ओळखला जाणारा हा ताईत धारकऱ्याच्या रक्षणासाठी असे. पाते घडवणाऱ्याचे कसब पुरेसे आहे असे त्या काळच्या योद्ध्याला वाटले नाही. त्याला पोलादावर अक्षर हवे होते. महाराष्ट्रात नवरात्रातल्या नवमीला खंडेनवमी म्हणतात आणि त्या दिवशी घराघरांतून हत्यारांची पूजा होते. आज तलवारीच्या जागी कोयता, करवत, पाना आणि शिवणयंत्र आले आहे, पण हळदकुंकू वाहणाऱ्या हाताची भावना फारशी बदललेली नाही. हत्याराला आपण हाताचा विस्तार समजत नाही. ते एक निराळे, जागे होऊ शकणारे अस्तित्व आहे अशी ही श्रद्धा आहे.

पोथीखान्याच्या वारशातील सर्वांत ख्यातनाम ग्रंथ म्हणजे 'रज्मनामा'. रज्म म्हणजे युद्ध. महाभारताला फार्सीत मिळालेले हे नाव. १५८२ मध्ये फत्तेपूर सिक्री येथे अकबराने महाभारताच्या फार्सी भाषांतराची आज्ञा केली. नकीबखान, बदायुनी, मुल्ला शेरी, हाजी सुलतान ठाणेसरी अशी माणसे या कामावर होती. १५८४ मध्ये भाषांतर पुरे झाले आणि १५८७ मध्ये अबुल फजल याने त्याला प्रस्तावना जोडली. अकबरासाठी जी सचित्र प्रत सिद्ध झाली ती पुढे जयपूरच्या संग्रहात आली. दसवंत, बसावन, लाल यांसारख्या चित्रकारांचे हात तिच्यावर फिरले आहेत. पालखी वाहणाऱ्या कहाराचा मुलगा असलेल्या दसवंताने १५८४ मध्ये आत्महत्या केली. त्याच्या प्रतिभेचा जो काही पुरावा आज उरला आहे त्यातला फार मोठा भाग या एका ग्रंथात आहे. मूळ प्रत अभ्यासकांच्याही दृष्टीस क्वचितच पडते. थॉमस होल्बाइन हेंडली यांनी १८८३च्या जयपूर प्रदर्शनाच्या स्मृतिग्रंथात तिच्यातील चित्रे छापली, त्यांच्यावरच अनेक पिढ्यांनी आपली जिज्ञासा भागवली.

या भाषांतराची रीत प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने विचार करण्याजोगी आहे. नकीबखानाने नोंदवून ठेवले आहे की देव मिश्र, शतावधान, मधुसूदन मिश्र, चतुर्भुज आणि शेख भावन या विद्वानांनी ग्रंथ वाचून त्याचा अर्थ हिंदीत सांगितला आणि आपण तो फार्सीत उतरवला. म्हणजे संस्कृत आणि फार्सी यांच्या मध्ये बोलली जाणारी भाषा उभी होती. अस्त्रविद्याही अशीच मुखातून कानात जाते. ती पोथीतून वाचून येत नाही. महाभारतातील प्रत्येक अस्त्राला देणारा आहे, घेणारा आहे आणि देण्यापूर्वी घातलेली अट आहे. ज्या ग्रंथात ही देवघेव पदोपदी वर्णिली आहे, तोच ग्रंथ अशा देवघेवीने एका भाषेतून दुसऱ्या भाषेत गेला.

चित्रकारापुढची अडचण मात्र निराळी होती. धनुष्य काढता येते, रथ काढता येतो, ज्वाळा काढता येतात; मंत्र कसा काढावयाचा? अस्त्राचे चित्र हे नेहमी अस्त्राच्या परिणामाचे चित्र असते. उच्चारणारे ओठ आणि पेटलेले आकाश यांच्यामधली क्रिया कुंचल्याच्या आटोक्यात येत नाही. ही अडचण भवभूतीलाही जाणवली असावी. विदर्भातील पद्मपूरच्या या नाटककाराने 'उत्तररामचरिता'च्या पहिल्या अंकात राम आणि सीता यांना चित्रे पाहावयास लावले, तेव्हा त्या चित्रांत जृंभकास्त्रेही आहेत. त्यांच्याकडे पाहून राम सीतेला वंदन करावयास सांगतो आणि ही अस्त्रे तुझ्या संततीच्या सेवेस येतील असे म्हणतो. चित्रातले अस्त्र तेथे आशीर्वादाने जिवंत होते. जे रंगाला साधत नाही ते शब्दाने पुरे केले आहे.

आयुध आणि मंत्र यांची ही जोडी आज एका अगदी निराळ्या ठिकाणी नव्याने नांदत आहे, आणि तुलनात्मक साहित्याच्या अभ्यासकाने तिकडे तुच्छतेने पाहू नये. १९७४ मध्ये अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा खेळ प्रसिद्ध केला. चारसहा माणसे मेजाभोवती बसतात. एक जण कथा चालवतो, बाकीचे तिच्यातील एकेका पात्राची भूमिका घेतात, आणि संकटाचा निकाल फाशांवर लागतो. महाभारतात सभापर्वाला जे स्थान आहे ते ध्यानात घेता, फासे आणि युद्ध यांची ही सांगड भारतीय वाचकाला अपरिचित वाटणार नाही. या खेळातील जादूगाराजवळ मंत्र असतात आणि प्रत्येक मंत्राची घटकद्रव्ये नियमपुस्तकात सांगितलेली असतात: उच्चार, हस्तक्रिया आणि साहित्य. मंत्र, मुद्रा आणि द्रव्य या आपल्या कर्मकांडातील त्रयीशी हे साम्य इतके स्पष्ट आहे की त्यावर अधिक भाष्य नको. या खेळाच्या १९७६ आणि १९८० मधील देवताविषयक पुस्तकांत भारतीय देवांनाही जागा दिली होती. २०१५ मध्ये आलेल्या एका पुस्तकात तर असे मंत्र आहेत, ज्यांचे साहित्य म्हणून खुद्द हातातील शस्त्रच सांगितले आहे. योद्धा वार करतो आणि त्याच वाराबरोबर मंत्र सुटतो. पाते लागते आणि पात्याबरोबर ज्वाला किंवा गर्जना लागते. शस्त्र आणि अस्त्र यांच्यामधली मधुसूदन सरस्वतींनी आखलेली रेषा अशा मंत्रात पुसली जाते.

खेळ रचणाऱ्यापुढे एक व्यावहारिक प्रश्न असतो. मंत्राने सर्व काही साधत असेल तर खेळात रस उरत नाही. म्हणून मंत्राला मर्यादा हवी. ती कोठून आणावयाची? गायगॅक्स यांनी ती एका कथाकाराकडून घेतली. जॅक व्हान्स यांच्या १९५० मधील 'द डाइंग अर्थ' या पुस्तकातील जादूगार मंत्र मोठ्या कष्टाने मनात साठवतो, आणि एकदा उच्चारला की तो मनातून पुसला जातो. खेळाच्या आरंभीच्या आवृत्त्यांत हाच नियम होता; पुढे तो सैल झाला, तरी दिवसाला अमुक इतकेच मंत्र ही मोजदाद राहिली. मर्यादा स्मरणाची आहे, आणि विश्रांतीनंतर ती भरून निघते.

महाभारताच्या वाचकाला येथे कर्णाची आठवण होणे अपरिहार्य आहे. मराठीत कर्ण घराघरांत पोहोचला तो शिवाजी सावंत यांच्या १९६७ मधील 'मृत्युंजय'मुळे, पण त्याच्या शापाची गोष्ट मुळातली आहे. ब्राह्मण असल्याचे सांगून त्याने परशुरामाकडून ब्रह्मास्त्र मिळवले. सत्य उघड झाल्यावर गुरूने शाप दिला की मृत्यूच्या वेळी हे अस्त्र तुला आठवणार नाही. इंद्राने दिलेली शक्ती एकदाच वापरावयाची होती. अर्जुनासाठी जपून ठेवलेली ती शक्ती घटोत्कचावर खर्च झाली. नारायणास्त्राचीही तीच गोष्ट. द्रोणवधानंतर अश्वत्थाम्याने ते सोडले, तेव्हा कृष्णाने सर्वांना आयुधे टाकून वाहनांवरून खाली उतरावयास सांगितले. एकटा भीम ऐकेना, त्याला अर्जुन आणि कृष्ण यांनी ओढून खाली आणले. अस्त्र शांत झाले. दुर्योधन म्हणाला, पुन्हा सोड. अश्वत्थामा उत्तरला की ते पुन्हा सोडता येत नाही. सोडल्यास सोडणाऱ्यावरच उलटते. एकदाच वापर, विस्मरण, उलटण्याचा धोका: मेजावरच्या खेळाचे नियम व्यासांच्या ग्रंथात जसेच्या तसे सापडतात असे वाटावे, इतके हे जवळचे आहे.

पण येथेच थांबल्यास तुलना वरवरची राहील. खेळातील मंत्राचे वर्णन पाहिले तर त्यात अंतर, काळ आणि हानी यांचे आकडे असतात. चालू मंत्र मोडण्याचे उपायही असतात, परंतु ते बहुधा प्रतिपक्षाच्या हाती दिलेले डाव असतात. भारतीय महाकाव्यांत अस्त्राची पूर्णता निराळ्या कसोटीवर ठरते. तेथे अस्त्रविद्येची दोन अंगे आहेत: प्रयोग आणि उपसंहार. सोडणे ही अर्धी विद्या. परत घेणे ही उरलेली अर्धी. 'रामायणा'च्या बालकांडात विश्वामित्र रामाला अस्त्रे देतो, आणि ती मिळाल्यावर राम लगेच त्यांचा संहार, म्हणजे ती आवरण्याची रीत, विचारून घेतो. सगळे मिळाल्यावर मूर्तिमंत होऊन समोर उभ्या असलेल्या अस्त्रांना तो सांगतो की माझ्या मनात राहा, कामाच्या वेळी या, आता जा. नुकत्याच हाती आलेल्या सामर्थ्याला 'आता जा' म्हणणारा हा कुमार वाल्मीकीने मोठ्या जाणिवेने उभा केला आहे.

कालिदासाने हा विचार अधिक नाजूकपणे मांडला. 'रघुवंशा'त अजावर एक वनगज धावून येतो. रानटी हत्तीला मारू नये हा राजधर्म जाणून अज त्याला केवळ परतवण्यापुरता हलका बाण मारतो, आणि हत्तीच्या देहातून शापमुक्त गंधर्व प्रकट होतो. त्याने दिलेले संमोहन अस्त्र प्रयोग आणि संहार यांच्या वेगवेगळ्या मंत्रांसह येते. पुढे स्वयंवरानंतर वाट अडवणाऱ्या राजांवर अज ते सोडतो. सारे सैन्य झोपी जाते, कोणाचाही प्राण जात नाही, आणि झोपलेल्यांच्या ध्वजांवर तो आपल्या विजयाचा निरोप लिहून निघून जातो. अस्त्र कोणाला मिळाले, तर ज्याने हाती बाण असताना जीव घेतला नाही त्याला. भवभूतीचा लवही जृंभकास्त्राने चंद्रकेतूचे सैन्य निश्चेष्ट करतो आणि रामाच्या सांगण्यावरून ते आवरतो. त्या आवरण्यातच रामाला या मुलाच्या विद्येचे कूळ जाणवू लागते.

या सर्वांची काळी बाजू 'सौप्तिकपर्वा'त आहे. द्रोणाने अर्जुनाला ब्रह्मशिर अस्त्र दिले तेच मुळी माणसांवर सोडावयाचे नाही या अटीवर. दुर्बळावर पडले तर ते जग जाळील. अश्वत्थाम्याने हट्टाने ते मागून घेतले, आणि बापाने मुलाला ते नाखुशीने दिले. रात्री झोपलेल्यांची कत्तल केल्यानंतर पांडव पाठलागावर आले, तेव्हा त्याच्या हाताशी धनुष्यबाणही नव्हते. त्याने गवताची एक काडी उचलली, तिच्यावर मंत्र म्हटला आणि पांडवांचा नाश हा संकल्प उच्चारला. अर्जुनाने तेच अस्त्र उलट सोडले, पण त्याचा संकल्प पाहावा: आधी गुरुपुत्राचे कल्याण, मग स्वतःचे आणि भावांचे, आणि मग अस्त्राने अस्त्र शमो. दोन्ही अस्त्रांच्या मध्ये नारद आणि व्यास येऊन उभे राहिले. महाभारताचा कर्ता स्वतः आपल्या कथेत उतरून दोन ज्वाळांच्या मध्ये उभा राहतो, यापरते गंभीर दृश्य भारतीय वाङ्मयात विरळाच असेल. अर्जुनाने आपले अस्त्र परत घेतले. व्रतस्थ नसलेल्याने ते परत घेऊ पाहिल्यास त्याचेच मस्तक तुटते, असे तेथे सांगितले आहे; अर्जुनाला ते साधले. अश्वत्थाम्याला साधले नाही. त्याला प्रयोग येत होता, उपसंहार येत नव्हता. परत न घेता येणारे अस्त्र कोठे तरी पडलेच पाहिजे, म्हणून त्याने ते पांडवस्त्रियांच्या गर्भांवर वळवले.

'कोठे तरी पडलेच पाहिजे' हे या प्रसंगातले मर्म आहे. सीतेला त्रास देणाऱ्या कावळ्यावर रामाने दर्भाची काडी सोडली होती. कावळा शरण आला तरी अस्त्र वाया जाऊ शकत नव्हते, आणि एका डोळ्यावर त्याची बोळवण झाली. तेथे मोल शरणागताने स्वतः, आपल्या संमतीने दिले. अश्वत्थाम्याच्या अस्त्राचे मोल मात्र अजून न जन्मलेल्याने द्यावयाचे होते. उत्तरेच्या पोटातील परीक्षिताला कृष्णाने पुन्हा जिवंत केले नसते तर कुरुवंश तेथेच संपला असता, आणि ज्या जनमेजयाला ही कथा सांगितली गेली तो श्रोताही जन्मला नसता. सामर्थ्य आवरता न येणाऱ्या एका माणसामुळे ग्रंथाचा ऐकणाराच नाहीसा होण्याची वेळ आली होती.

शाप मिळालेला हा अश्वत्थामा मराठी प्रदेशात अजून फिरतो. सातपुड्यात, नंदुरबार जिल्ह्यात, अस्तंबा नावाचे शिखर आहे. दिवाळीच्या सुमारास आदिवासी यात्रेकरू ते चढून जातात. अस्तंबा ऋषी म्हणजे अश्वत्थामा अशी तेथली श्रद्धा. कपाळीचा मणी काढून दिल्याची जखम भरत नाही म्हणून तो वाटसरूंकडे तेल मागतो, असे खानदेशात सांगतात. लोकपरंपरेने त्याला राक्षस केले नाही. ज्याला सोडता आले पण परत घेता आले नाही, अशा माणसाच्या वाट्याला संपता न येणारे जिणे येते, एवढेच तिने जाणले आणि त्याच्यासाठी डोंगर चढण्याचे ठरवले.

जयपूरकडे पुन्हा वळले तर शहराच्या माथ्यावरचा जयगड दिसतो. तेथल्या ओतशाळेत १७२० मध्ये घडवलेली जयवाण ही तोफ चाकांवरच्या जगातील सर्वांत मोठ्या तोफांपैकी एक मानली जाते. तिचे वजन सुमारे ५० टन आहे आणि नळीवर हत्ती, मोर व वेली कोरलेल्या आहेत. ती एकदाच, चाचणीसाठी डागली गेली, आणि गोळा दूर चाकसूजवळ पडून तेथे तळे झाले, असे सांगतात. ही दंतकथा म्हणजे अस्त्राचे पुराणच होय. यंत्राला पुरेसा मोठा आवाज आला की लोकमानस त्याला मंत्राचे वर्णन बहाल करते. युद्धात मात्र जयवाण कधीच बोलली नाही. डिसेंबर १७५० मध्ये मल्हारराव होळकर खंडणीसाठी जयपुरावर चालून आले, तेव्हा सवाई ईश्वरीसिंहाने तोफेचा आश्रय न घेता विष घेऊन जीवन संपवले. पुढल्याच महिन्यात, जानेवारी १७५१ मध्ये, शहर पाहावयास आत आलेल्या मराठ्यांवर नागरिक उठले आणि मोठी कत्तल झाली. मराठ्यांच्या इतिहासात हे प्रकरण अभिमानाने सांगितले जात नाही, आणि सांगू नये. गडावरचे महास्त्र गप्प राहिले आणि घरातल्या साध्या शस्त्रांनी सूड उगवला. होळकरांची स्वारी असो वा शहराचा उठाव, सुरुवात कोणाच्या तरी हाती होती. आवरणे कोणाच्याच हाती राहिले नाही.

ज्या १९७४ मध्ये तो खेळ अमेरिकेत छापला गेला, त्याच वर्षी १८ मे रोजी राजस्थानातच, पोखरणच्या वाळवंटात, भारताने पहिला अणुस्फोट केला. मे १९९८ मध्ये त्याच भूमीत पुन्हा स्फोट झाले. आपण आपल्या क्षेपणास्त्रांना अग्नी, पृथ्वी, आकाश, नाग, त्रिशूळ अशी नावे दिली. नावांचा मोह समजण्यासारखा आहे. परंतु पुराणातून केवळ नाव घेतले आणि अट घेतली नाही, तर घेतले काय असा प्रश्न उरतो. प्रथम वापर न करण्याचे जे धोरण १९९८ नंतर भारताने जाहीर केले, त्यात द्रोणाच्या अटीचा काही अंश आहे असे म्हणावयास हरकत नाही. पण आकाशात झेपावलेले क्षेपणास्त्र परत बोलावण्याचा मंत्र कोणाजवळ नाही. ९ मार्च २०२२ रोजी भारताकडून चुकून सुटलेले एक क्षेपणास्त्र पाकिस्तानात मियाँ चन्नूजवळ जाऊन पडले. सुदैवाने कोणी दगावले नाही. सरकारने खेद व्यक्त केला, चौकशी झाली, वायुदलाच्या तीन अधिकाऱ्यांना बडतर्फ करण्यात आले. त्या दिवशी संकल्पही नव्हता, शत्रूही नव्हता. केवळ प्रयोग घडला होता, आणि उपसंहार करणारा कोणी असूच शकत नव्हता.

अर्जुनाचा शेवट या संदर्भात पुन्हा वाचण्यासारखा आहे. कृष्ण गेल्यावर द्वारकेतील स्त्रियांना घेऊन जात असता आभीरांनी त्याच्यावर हल्ला केला. गांडीवाला दोरी चढवतानाही त्याला सायास पडले, आणि अस्त्रे आठवू गेला तर ती आठवेनात. त्याच्यावर कोणाचा शाप नव्हता. जे कार्य होते ते संपले होते, म्हणून विद्या निघून गेली. खेळातील जादूगाराला सकाळी मंत्र पुन्हा मिळतो. अर्जुनाला मिळाला नाही, आणि त्याने तो मागितलाही नाही. व्यासांनी त्याला समजावले की अस्त्रे आली होती तशी गेली. रामाने 'आता जा' म्हटले तेव्हा ती आज्ञा होती. येथे ती न सांगता निघून गेली. दोन्ही ठिकाणी अस्त्र माणसाच्या मालकीचे नाही एवढे मात्र सारखेच आहे.

हे दोन्ही शब्द मराठीने पुढे कोठे नेऊन ठेवले ते पाहणे उद्बोधक आहे. 'प्रयोग' हा शब्द नाटकाने घेतला. रंगमंचावर जे घडवले जाते तो प्रयोग. 'उपसंहार' ग्रंथाने घेतला. प्रबंधाच्या शेवटी जे मागे वळून आवरून घेतले जाते तो उपसंहार. रणांगणावरचे हे दोन शब्द वाङ्मयाकडे आले, ते सामर्थ्य गमावून आले असे समजण्याचे कारण नाही. बोललेला शब्दही सुटतोच, आणि तोही कोठे तरी पडतो. लिहिणाऱ्याला निदान शेवटचे प्रकरण मिळते. त्यात तो आपण काय म्हटले ते पुन्हा तपासू शकतो, अतिरेक झाला असेल तेथे हात आखडता घेऊ शकतो. विद्यापीठांतून प्रबंध तपासणारे या प्रकरणाकडे पुष्कळदा औपचारिकता म्हणून पाहतात आणि दोन पाने चाळून मिटतात. गवताची काडी हातात घेऊन उभ्या असलेल्या त्या ब्राह्मणपुत्राला नेमके तेवढेच प्रकरण येत नव्हते.